बेभरवशाचा जुना ट्रॅक्टर: दुरुस्त करावा की काढून टाकावा?

ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडून बसला की तो विकून टाकण्याचा विचार मनात येतो, पण रागाच्या भरात झालेला हा हिशेब बहुधा चुकतो. ट्रॅक्टर बेभरवशाचा असणे आणि ट्रॅक्टर झिजलेला असणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. रोज पहिल्या सेल्फला चालू होणारे इंजिनही आतून संपलेले असू शकते आणि वारंवार बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरचा सारा दोष एखाद्या सैल वायरीत निघू शकतो. ट्रॅक्टर ठेवायचा की काढायचा हे झिजेवरून ठरवावे.

त्यासाठी आधी किरकोळ कारणे बाजूला काढावी लागतात. सेल्फ जड फिरत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करावी. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना हा आकडा १४ च्या आसपास गेला नाही, तर चार्जिंगमध्ये दोष आहे. अर्धा-पाऊण तास चालून बंद पडणारा आणि थोड्या वेळाने काही घडलेच नाही अशा थाटात चालू होणारा ट्रॅक्टर असेल, तर बंद पडताक्षणी डिझेल टाकीचे झाकण उघडावे. उघडताना हवा आत ओढली गेल्याचा सूं असा आवाज आला, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असते आणि त्यामुळे पंपापर्यंत डिझेल पोहोचत नाही. एका टाचणीने साफ होणाऱ्या या छिद्रापायी पंप उघडण्याचा खर्च करण्यात अर्थ नाही. डिझेल फिल्टर आणि हवा धरणारे पाइपचे जोडही याच वेळी पाहून घ्यावेत.

इंजिनाची झीज मात्र धुरावरून आणि ऑइलवरून कळते. काळा धूर बहुतेक वेळा एअर फिल्टर, नोझल किंवा जादा भार यांच्याकडे बोट दाखवतो, त्यामुळे त्याने घाबरू नये. इंजिन गरम झाल्यावरही निळा धूर येतच राहत असेल, तर ऑइल जळत आहे. मग चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण, गरम शिंतोड्यांपासून तोंड आणि हात सांभाळत, सैल करून पाहावे. तेथून जोराने वाफारा येत असेल आणि झाकण जागेवर उडत असेल, तर रिंगा किंवा स्लीव्ह-पिस्टन गेल्याची शक्यता मोठी असते. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे आणि ऑइलची पातळी वाढून त्याला डिझेलचा वास येत असल्यास आत कोठेतरी डिझेल गळत आहे. अशा ऑइलवर इंजिन चालवत राहिल्यास बेअरिंग आणि क्रँकही जातात.

गिअर आपोआप सुटणे आणि मागच्या अ‍ॅक्सलमधून दळल्यासारखा आवाज येणे ही माझ्या मते इंजिनाच्या कामापेक्षा वाईट लक्षणे आहेत, कारण सगळे उघडल्याशिवाय खर्चाचा अंदाज येत नाही. अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर लिफ्ट हळूहळू खाली येत असेल, तर दोष बऱ्याचदा सीलचा असतो आणि तेवढ्यावरून ट्रॅक्टर काढू नये.

खर्च मांडताना आजवर घातलेला पैसा हिशेबात धरू नये, कारण तो कोणत्याही निर्णयाने परत येत नाही. दुरुस्तीच्या अंदाजाची तुलना ट्रॅक्टरला आज येणाऱ्या किमतीशी करण्याची सवयही फसवी आहे. खरी तुलना तितकेच काम भरवशाने करणारा दुसरा ट्रॅक्टर मिळवण्याच्या खर्चाशी होते. मात्र इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिन्हींना एकाच वेळी हात लावावा लागणार असेल, किंवा सुटे भाग भंगारातून शोधावे लागत असतील, तर ट्रॅक्टर काढावा. ब्रेक नीट लागत नसतील आणि ते दुरुस्त होण्यासारखे नसतील, तर हिशेबाचीही गरज नाही.

मधला मार्गही आहे. नांगरणीसारखे जड काम भाड्याच्या ट्रॅक्टरवर टाकून जुन्याला फवारणी आणि ट्रॉलीपुरते ठेवता येते, पण हंगामाचे काम त्याच्यावर अवलंबून नसेल तरच.

विकायचे ठरल्यास रंगरंगोटीवर पैसे घालवू नयेत, कारण जाणकार गिऱ्हाइकाला ताज्या रंगाचा उलट संशय येतो. दोष सांगून, चालू स्थितीत आणि हंगाम तोंडावर असताना विकावा. इंजिनच गेलेले असेल, तर चांगले टायर, लिफ्ट आणि पंप वेगळे विकून अख्ख्या ट्रॅक्टरपेक्षा अधिक पैसे येतात का, हे भंगाराचा सौदा करण्यापूर्वी विचारून घ्यावे.