चौकोनी पोकळी, नॅनोद्रव आणि चुंबक: आकडेमोड कशी करावी

नागपुरात भर मे महिन्यात कूलरपुढे बसून रात्रभर कोड चालवणाऱ्या माझ्या एम.टेक.च्या पोरांना मी एकच क्रम सांगतो: आधी साधी हवा, मग नॅनोद्रव (अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव), चुंबक सगळ्यात शेवटी.

प्रश्न असा: बंद चौकोनी पोकळीत तापमानाच्या फरकाने हवा किंवा द्रव आपोआप फिरतो, त्यातून किती उष्णता पलीकडे जाते? डावी भिंत गरम, उजवी थंड, वरखाली उष्णतारोधक. याच पोकळीसाठी संशोधक डी व्हाल डेव्हिस यांनी १९८३ साली दिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. हवा आणि रेली संख्या (तापमानफरकाने येणाऱ्या प्रवाहाचा जोर) १०,००० असेल तर सरासरी नुसेल्ट (नुसत्या वहनाच्या किती पट उष्णता जाते तो आकडा) २.२४ च्या आसपास यायलाच हवा. नाही आला तर भिंतीलगतची आकडेमोडीची जाळी बारीक करा.

मग अ‍ॅल्युमिना-पाणी. घनफळाने ४ टक्के कणांना मॅक्सवेलच्या सूत्राने उष्णतावाहकता सुमारे १२ टक्के वाढते, पण ब्रिंकमनच्या सूत्राने चिकटपणाही जवळपास ११ टक्के वाढतो. म्हणून फायदा गृहीत धरू नका. नुसेल्ट काढताना नॅनोद्रव आणि पाणी यांच्या वाहकतांच्या गुणोत्तराने गुणायचं राहू देऊ नका.

आता आडवं चुंबकीय क्षेत्र. लॉरेन्झ बल उभ्या वेगाला अडवतं, हार्टमन संख्या (चिकटपणाच्या तुलनेत चुंबकीय बलाचा जोर) वाढेल तसा भोवरा मंदावतो, समतापी रेषा गरम-थंड भिंतींना समांतर होत जातात.

इथे मात्र टेस्ला काढाच, म्हणजे प्रत्यक्षात किती ताकदीचं चुंबकीय क्षेत्र लागेल ते. पोकळी ५ सेंटीमीटर, पाण्याची विद्युतवाहकता ०.०५ सीमेन्स प्रति मीटर धरली, तर हार्टमन ३० साठी सुमारे ८५ टेस्ला लागतात! ५ सीमेन्सचं खारं पाणी घेतलं तरी साडेआठ. प्रबंधात हार्टमनशेजारी टेस्लाचा रकाना नसेल तर मी सही करत नाही.