दिवसातलं एक काम मुलांच्या वेगाने

मटारचा मोसम सुरू झाला की आमच्या घरी एक किलो मटार सोलायला पाऊण तास लागतो. मी एकटी बसले तर वीस मिनिटांत होतात. वरची ती पंचवीस मिनिटं आमच्या घरातली दिवसभरातली सगळ्यात चांगली वेळ असते. ती कशी काढायची, तेवढंच इथे सांगते.

मी महापालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट अशी फिरती ड्युटी. विक्रोळीला कन्नमवार नगरात वन रूम किचनमध्ये आम्ही पाच जण राहतो: मी, नवरा, सासूबाई, सात वर्षांची थोरली आणि साडेतीन वर्षांचा धाकटा. गेल्या वर्षीपर्यंत मला वाटायचं की मुलांबरोबर मजेत राहायचं तर त्यासाठी वेगळा वेळ काढायला हवा. म्हणून महिन्यातली एक सुट्टी राखून ठेवायची आणि त्यांना मॉलमध्ये खेळायला न्यायचं. अशाच एका सुट्टीला धाकटा तिथल्या आवाजाला घाबरून दारातच रडायला लागला, थोरली रुसून बसली, आणि परतताना रिक्षात मी दोघांवर ओरडले. एवढी जपून ठेवलेली सुट्टी गेली, याचा राग होता तो. घरी येऊन कोथिंबीर निवडायला बसले, तर धाकटा मांडीला येऊन टेकला. एक काडी नाकाशी धरली आणि मग प्रत्येकाकडे जाऊन, आजीकडे, बाबांकडे, रुसलेल्या ताईकडे, "वास घे" म्हणत फिरला. ताई हसली. एक जुडी निवडायला त्या दिवशी अर्धा तास लागला.

तेव्हापासून दिवसातलं एक काम मुलांच्या वेगाने करायचं, असं ठरवलं. सगळी कामं नाहीत. एकच.

काम निवडताना दोन गोष्टी बघा. उशीर झाला तर कुणाचं अडू नये, आणि विळी, गॅस, गरम पाणी त्यात नसावं. पहिल्या अटीतच सकाळ बाद होते. डबे, दप्तर, लोकल या धावपळीत मी मुलांना भराभर आवरून देते आणि त्याचं मनाला लावून घेत नाही. उरतात ती कामं भरपूर आहेत. मेथी निवडणं, तांदूळ धुणं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या लावणं, तुळशीला पाणी, कणकेतला एक गोळा मळणं. भुईमुगाच्या शेंगा फोडून दाणे काढायचं काम मात्र चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. शेंगदाणा आणि चणा श्वासनलिकेत अडकतो, आणि अशी मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. मटार सोलतानाही मी समोर बसलेली असते. तोंडात दाणा असताना पळायचं नाही आणि कुणी कुणाला हसवायचं नाही, हे आमच्याकडे पक्कं आहे.

मग सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, खाली वर्तमानपत्र पसरून. ओट्याशी उभं राहून काम केलं तर मुलाला माझे गुडघे दिसतात. खाली बसलं की चेहरा दिसतो. फोन वरच्या फळीवर ठेवते.

मुलाला द्यायचं काम खरं असू द्या. मी एकदा धाकट्याला नुसती रिकामी सालं देऊन बसवलं होतं, तर त्याने ती दोन मिनिटांत ढकलून दिली. आता त्याची स्वतःची स्टीलची वाटी आहे, थोरलीची छोटी परात. वाटीतले दाणे खरोखर उसळीत पडतात, आणि जेवताना मी म्हणते, "हे तुझ्या वाटीतले." तो ते वेगळे काढून सगळ्यांच्या ताटात एकेक वाढतो.

सगळ्यात अवघड भाग याच्या पुढचा. मुलाने केलेलं काम त्याच्यादेखत पुन्हा करू नका. घडी वाकडी असेल तर वाकडीच कपाटात जाऊ दे. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांचं सगळं नीटनेटकं. धाकट्याने टॉवेलची घडी केली की त्या हळूच उचलून पुन्हा घालायच्या. "अगं, हा काय बोळा?" मी म्हटलं, "आई, राहू द्या ना, त्याने केलीय." त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याभराने शेजारच्या काकू आल्या, तेव्हा कपाट उघडून त्यांनीच दाखवलं, "आमच्या बाळाने घडी घातलीय बघा."

आणि बोलण्याची घाई करू नका. लहान मुलांच्या वॉर्डात मी रोज बघते. तीन वर्षांच्या मुलाला विचारावं, "कुठे दुखतंय?" तो तोंड उघडतो, शब्द जुळवत असतो, तोवर आई उत्तर देऊन मोकळी होते. घरी मीसुद्धा तेच करत होते. आता काही विचारलं की मनात पाच अंक मोजते. पुष्कळदा चारवर उत्तर येतं, आणि ते माझ्या प्रश्नाचं नसतंच. एकदा मी विचारलं, "शाळेत डबा संपवलास?" धाकट्याने शेंग उघडली, आतले दाणे बोट लावून मोजले, पाच निघाले, आणि म्हणाला, "हे आपण." रात्री आम्ही पाच जण बाहेरच्या खोलीत ओळीने अंथरुणं घालतो. कडेचा सगळ्यात बारका दाणा तो होता.

ही काही माझी कल्पना नाही. थोरलीच्या बालवाडीच्या बाईंनी पालकसभेत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं होतं. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात तेव्हा अंगणातच वर्ग भरवले, आणि गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरं चरताहेत, मुलं राखताहेत, आणि तिथेच शिकणं चाललंय. माझं कुरण म्हणजे स्वयंपाकघरातली लादी, असं मला त्या सभेत वाटलं.

नाईट करून आल्यावर माझ्यात बसायचीही ताकद नसते. त्या दिवशी मी आडवी पडते आणि पेशंट होते. धाकटा डॉक्टर, थोरली सिस्टर. पाठीवरून गाडी फिरवणं हा उपचार, कपाळावर ओला रुमाल हा दुसरा. थोरली माझ्यासारखीच नाडी धरून घड्याळाकडे बघते. वीस मिनिटांनी सासूबाई दोघांना खाली खेळायला नेतात आणि मी झोपते. तेवढंही पुरतं, खरंच पुरतं. तुमच्या घरी आजी नसेल तर शेजारी एखादं घर बघून ठेवा आणि त्यांच्या मुलांना तुम्हीही कधी सांभाळा.

बाहेर जायचं तरी हाच हिशेब ठेवा. आम्ही वर्षातून दोन-तीनदा राणीच्या बागेत जातो. बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. विक्रोळीहून भायखळ्याला स्लो लोकल, दुपारची, गर्दी कमी असताना. पाच वर्षांखाली तिकीट नाही, थोरलीचं अर्धं. घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी: धाकट्याला ही यादी पाठ आहे आणि प्रत्येक स्टेशन तो घोषणेच्या आधी सांगतो. त्याच्यासाठी सहलीचा अर्धा भाग इथेच झालेला असतो.

बागेत एकच गोष्ट ठरवून बघा, आणि ती मुलाला ठरवू द्या. मागच्या वेळी आम्ही पेंग्विनसाठी गेलो होतो. धाकटा थांबला तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळच्या दगडी हत्तीपाशी. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, पण उचलताना तुटला. तुकडे मुंबईत आले आणि पुढे जोडून इथे उभे केले. मी एवढंच सांगितलं, "हा तुटला होता, मग जोडला." त्यानंतर पाऊण तास तो हत्तीभोवती फिरून सांधे शोधत होता. "इथे दुखलं? आणि इथे?" नवऱ्याने दोनदा घड्याळ पाहिलं, मग तोही सांधे दाखवायला लागला. पेंग्विन राहिले. थोरलीला त्यांचं वाईट वाटलं, म्हणून पुढच्या खेपेला ती ठरवणार, असं तिथेच ठरलं, आणि ते पाळलं.

एखाद्या संध्याकाळी हे काही जमत नाही. मटार फेकले जातात, भांडणं होतात, कुणीतरी रडतं. अशा वेळी मी आधी झोप तपासते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी, असं आहे, आणि स्क्रीन दिवसाला फार तर एक तास. दुपारची झोप हुकली असेल तर त्या दिवशी काम सोडून द्या, खिचडी टाका आणि लवकर दिवे घालवा. मुलाला त्या वेळी समजावण्यात अर्थ नसतो.

शेवटची एक सोय सांगते. दर आठवड्याला माझी ड्युटी बदलते, त्यामुळे "आज आई कधी येणार, काय करणार" यावरून रोज रड व्हायची. आता रविवारी रात्री फ्रिजवर एक कागद लावतो. सात चौकोन, वर माझी ड्युटी, खाली त्या दिवसाचं काम. धाकट्याला वाचता येत नाही, म्हणून कामं चित्रात काढलेली: शेंग, मोजा, तुळस. चित्रं थोरली काढते, रंग तो भरतो. या आठवड्यात गुरुवारी आणि शुक्रवारी माझी नाईट आहे. शनिवारच्या चौकोनात दोघांनी मिळून एक उशी काढली आहे आणि तिच्यावर एक छोटी लाल गाडी.