ख्रिस्ती विद्यार्थ्याने अद्वैत आणि विपश्यनेकडे वळताना

सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणसंस्थेत) किंवा विद्यापीठात अद्वैत आणि विपश्यना हा विषय घेणारे बहुतेक ख्रिस्ती विद्यार्थी थेट उपनिषदे उघडतात. माझा आग्रह असा की आधी घरचे, म्हणजे ख्रिस्ती संत वाचा. आव्हिलाची तेरेजा (१५१५–१५८२) आणि क्रुसाचा योहान (१५४२–१५९१) हे स्पेनचे संत देवाशी एकरूप होण्याबद्दल बोलतात, पण त्या मीलनातही देव आणि भक्त असे दोघे उरतातच. हे मनात पक्के बसले की पुढचे फरक स्पष्ट दिसतात. शंकराचार्यांच्या अद्वैतात दुसरा उरत नाही. बुद्धाच्या शिकवणीत तर एकरूप व्हायला नित्य आत्माच नाही. 'सगळे संत शेवटी एकच सांगतात' हे म्हणूनच मला पटत नाही. तसे म्हटले की कुणाचेच नीट ऐकले जात नाही.

ख्रिस्तश्रद्धा आणि अद्वैत यांच्यातला हा ताण आयुष्यभर सोसला तो अभिषिक्तानंदांनी. मूळचे फ्रेंच बेनेडिक्टाइन संन्यासी. १९४८ मध्ये भारतात आले, पुढच्याच वर्षी रमण महर्षींना भेटले आणि १९५० मध्ये फादर मोंशानँ यांच्यासोबत तमिळनाडूत कावेरीकाठी शांतिवनम आश्रम काढला. अद्वैताची ओढ सुटेना आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, हीही सोडवेना. त्यांचे निबंध मागाहून वाचा, रोजनिशी आधी. ही ओढाताण तिथे उघडी दिसते.

विपश्यनेला, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या ध्यानशिबिराला, जाणार असाल तर एक गोष्ट फॉर्म भरण्याआधी ठरवा. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात प्रार्थना, जपमाळ, सगळे काही थांबवावे लागते. मी आधी माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांशी बोलून गेलो, तरी जेवणाआधी हात क्रुसाच्या खुणेसाठी आपसूक उठायचा. श्वासाकडे पाहणे मात्र जड गेले नाही. व्हॅटिकनचे १९८९ चे ध्यानाविषयीचे पत्र जाण्यापूर्वी जरूर वाचा. इतर धर्मांतल्या पद्धती ते सरसकट नाकारत नाही. पण शरीर-मन निवांत झाल्याच्या सुखाला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नका, असे बजावते. सहाव्या-सातव्या दिवशी अंग हलके वाटू लागले तेव्हा मला त्या सूचनेचा फार आधार झाला.

मराठी विद्यार्थ्याने प्रबंधासाठी भक्तीची वाट धरावी, असे मला मनापासून वाटते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. तुकोबांचे विरहाचे अभंग आणि क्रुसाच्या योहानाची ‘काळोखी रात्र’ (देव दुरावल्यासारखा वाटतो त्या काळाबद्दलचे त्याचे लेखन) शेजारी ठेवून वाचा. इथे दोन्हीकडे भक्त आहे, देव आहे आणि न भेटणाऱ्या देवाशी भांडणही आहे. पहिल्या वर्षी एवढेच घ्या; शंकरभाष्य आणि पाली सुत्ते (बुद्धाची प्रवचने) जाणकारापाशी बसूनच वाचावीत, त्यांना दुसरे वर्ष ठेवा.