दहावीच्या गणिताची उजळणी कशी करावी: सीमाभागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी

पूर्वतयारी परीक्षेच्या उत्तरपत्रिका हातात आल्या की कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शाळांत अनेक विद्यार्थ्यांची एकच तक्रार ऐकू येते: गणिते तर सगळी वर्गात झाली होती, घरी वाचलीही होती, तरी पेपरात सुचली नाहीत. या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा अभ्यासाच्या पद्धतीत असते. सोडवलेले गणित वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि ‘हे मला येते’ असे वाटते. पण पायरी समजणे आणि ती स्वतःला सुचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परीक्षेत दुसरीचीच गरज पडते. म्हणून गणिताची उजळणी म्हणजे वही मिटून, कोऱ्या कागदावर, कोणाच्याही मदतीविना गणित पुन्हा सोडवणे, एवढाच अर्थ विद्यार्थ्याने धरावा.

त्याआधी साहित्य योग्य आहे ना, हे पाहणे आपल्या भागात विशेष आवश्यक आहे. मराठीतील मार्गदर्शके आणि यूट्यूबवरील मराठी तासिका बहुतांशी महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेल्या असतात. तेथे गणित भाग एक आणि भाग दोन असे प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर असतात. निश्चयकाची क्रेमरची पद्धत, जीएसटीची उदाहरणे असे घटक त्या पुस्तकांत आहेत, आपल्या पुस्तकात नाहीत. कर्नाटकात एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या मंडळ परीक्षेचा, गणिताचा एकच लेखी पेपर ८० गुणांचा असून २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि पाठ्यपुस्तकाची मांडणी एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संस्थेच्या पुस्तकाप्रमाणे आहे. कोल्हापूरच्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेले मार्गदर्शक म्हणूनच जपून वापरावे. सराव आपल्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणसंग्रहांचा आणि कर्नाटक मंडळाच्या प्रश्नपत्रिकांचा करावा. जुन्या प्रश्नपत्रिकांत आता वगळलेल्या भागांवरचे प्रश्नही सापडतात, तेव्हा प्रत्येक प्रश्न चालू वर्षाच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. एखादी संकल्पना नव्याने समजून घ्यायची असेल तर एनसीईआरटीवर आधारित इंग्रजी किंवा हिंदी तासिका आपल्या प्रकरणांशी अधिक जुळतात, आणि पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान किंवा वाणिज्य घेणाऱ्यांना त्यांतील इंग्रजी संज्ञांची ओळखही आधीच होते.

आता प्रत्यक्ष पद्धत. वर्गसमीकरणांवरचे हे शाब्दिक उदाहरण पाहावे: एका बसला १८० किलोमीटर अंतर जायचे आहे, तिचा वेग ताशी १५ किलोमीटरने जास्त असता तर एक तास कमी लागला असता, तर बसचा मूळ वेग किती? येथे बहुतेक विद्यार्थी सूत्रात अडखळत नाहीत, समीकरण मांडताना अडखळतात. म्हणून उजळणीचा भर तेथेच द्यावा. मूळ वेग ताशी x किलोमीटर मानला तर मूळ वेळ १८०/x तास, वाढीव वेगाने लागणारा वेळ १८०/(x + १५) तास, आणि मोठ्या वेळेतून लहान वेळ वजा केल्यास १ तास उरतो. छेद काढल्यावर x² + १५x − २७०० = ० हे समीकरण मिळते, त्याचे अवयव (x + ६०)(x − ४५) होतात, आणि वेग ऋण नसल्याने उत्तर ताशी ४५ किलोमीटर येते. एवढ्यावर न थांबता पडताळा घ्यावा: ताशी ४५ने चार तास, ताशी ६०ने तीन तास, फरक एका तासाचा. दुसऱ्या दिवशी हेच गणित न पाहता पुन्हा मांडावे, आणि आठवड्याने अंतर व वेग बदलून स्वतःच एक नवे उदाहरण तयार करावे. असे उदाहरण ज्याला तयार करता येते, त्याला तो प्रकार खरोखर कळलेला असतो.

गणित अडले तर लगेच उत्तर उघडू नये. किमान दहा मिनिटे झगडावे, आकृती काढावी, दिलेली माहिती एका बाजूला लिहावी. तरीही मार्ग सापडला नाही तर उत्तराची फक्त पुढची एक पायरी पाहून वही पुन्हा मिटावी.

माझ्या मते संपूर्ण तयारीत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे चुकांची वही, आणि तीच सर्वांत कमी विद्यार्थ्यांकडे आढळते. प्रत्येक चुकीसाठी एक ओळ पुरेशी असते, मात्र त्या ओळीत चूक नेमकी कुठे झाली ते लिहिलेले असावे. ‘निष्काळजीपणा’ असे लिहून काहीच हाती लागत नाही. उदाहरणार्थ, वर्गीकृत सामग्रीचा मध्यक काढताना सूत्रात मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची असते, पण पुष्कळ जण मध्यक वर्गाचीच घेतात. ही चूक या शब्दांत नोंदवली की ती पुन्हा होण्यापूर्वी आठवते. त्याच्या शेजारीच पडताळ्याची खूण लिहावी: आलेला मध्यक त्याच वर्गाच्या दोन मर्यादांमध्ये बसला पाहिजे, बाहेर गेला तर उत्तर निश्चित चुकले आहे. त्रिकोणमितीच्या उपयोजनात अवनत कोन अनेकदा चुकून उभ्या रेषेशी दाखवला जातो, खरे तर तो क्षितिजसमांतर रेषेशी असतो. राजहंसगडाच्या तटावर उभे राहून समोर सरळ पाहावे आणि मग नजर खालच्या शेतावर न्यावी, नजर जेवढी झुकली तेवढाच तो कोन. अंकगणिती श्रेढीत n − १ ऐवजी n घेणे, समरूप त्रिकोणांची नावे लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम बदलणे, कंस सोडवताना ऋण चिन्ह विसरणे, अशा नोंदी महिनाभरात जमतात आणि त्यांतल्या दोनतीनच चुका वारंवार गुण खातात, हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच लक्षात येते. त्या चुकांवर एक अख्खी संध्याकाळ देणे नवे प्रकरण वाचण्यापेक्षा अधिक फायद्याचे ठरते.

एकाच उदाहरणसंग्रहातील दहा गणिते ओळीने सोडवताना कोणती रीत वापरायची हे आधीच ठाऊक असते. पेपरात ते कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरण एकदा पक्के झाल्यावर गणिते मिसळावीत. वेगवेगळ्या प्रकरणांतील प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावेत, रोज पाच चिठ्ठ्या काढाव्यात आणि सोडवण्यापूर्वी ‘हे कोणत्या प्रकरणातले, आणि कशावरून?’ याचे उत्तर द्यावे. दोघेतिघे मित्र एकत्र बसत असतील तर हे उत्तर मोठ्याने द्यावे, म्हणजे तर्कातला कच्चा दुवा लगेच उघडा पडतो.

प्रमेयांबाबत पाठांतराची सवय जुनी आहे. थेल्सचे प्रमेय किंवा बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिकांच्या लांबी समान असतात हे प्रमेय शब्दशः पाठ केलेल्या विद्यार्थ्यापुढे ABC ऐवजी PQR आले की तो गोंधळतो. पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता या क्रमाने लिहावे, प्रत्येक विधानापुढे कारण द्यावे, आणि सराव करताना दरवेळी आकृतीची अक्षरे बदलावीत.

ज्यांना गणिताची धास्ती आहे आणि वेळ थोडा उरला आहे, त्यांनी सगळ्या प्रकरणांच्या मागे धावू नये. दोन चलांतील रेषीय समीकरणांची आलेखाने उकल, मध्य, मध्यक व बहुलक, अंकगणिती श्रेढीचे nवे पद व बेरीज, अंतरसूत्र व विभाजनसूत्र, संभाव्यतेची सोपी उदाहरणे आणि वरील दोन प्रमेये, एवढे आधी अचूक करावे. आलेखात प्रत्येक रेषेसाठी तीन बिंदू घ्यावेत; तिसरा बिंदू रेषेवर आला नाही तर चूक तेथेच कळते.

शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा संपूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. लेखी परीक्षेसाठी तीन तास आणि प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी पंधरा मिनिटे मिळतात, तेव्हा घरीही एवढाच वेळ धरावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि मध्ये उठू नये. घरात पैपाहुणे असतील किंवा गावची यात्रा असेल तर शाळेत किंवा वाचनालयात बसावे. पालकांनी या एका बैठकीपुरते मुलाला किंवा मुलीला कोणत्याही कामाला हाक मारू नये. वाचनाच्या पंधरा मिनिटांत खात्रीने येणारे प्रश्न मनाशी ठरवून त्यांपासूनच सुरुवात करावी, एखाद्या चार गुणांच्या गणितात वीस मिनिटे अडकण्यापेक्षा जागा सोडून पुढे जावे, आणि शेवटची दहा मिनिटे राखून प्रश्नक्रमांक, एकके, आलेखावरील प्रमाण आणि ऋण चिन्हे तपासावीत. तपासणी झाल्यावर त्याच दिवशी गेलेले गुण चुकांच्या वहीत उतरवावेत आणि पुढच्या आठवड्याची प्रश्नपत्रिका सोडवण्याआधी तेवढी पाने वाचावीत.