जुनी मियाटा बघायला जाण्याआधी

अमेरिकेत जुनी माझदा मियाटा (टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स गाडी) घ्यायचं मनात असेल, तर विकणाऱ्याला फोनवरच एक अट घाला: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. बाकीची यादी त्यानंतर. गिअरबॉक्सच्या बऱ्याच तक्रारी ऑइल थंड असतानाच ऐकू येतात, आधी फिरवून गरम केलेली गाडी त्या झाकून ठेवते. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी निवेपर्यंत कागदपत्रं बघत बसा, नाहीतर सरळ दुसऱ्या दिवशी या. या हिशेबाने हिवाळा बरा. टप उघडणाऱ्या गाडीला जानेवारीत गिऱ्हाईक कमी असतं, मालकही जरा नरम असतो, आणि गिअर ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं. फक्त बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेली असेल, तर दाराखालचा पत्रा गंजलाय का तेवढं बघून घ्या.

कुठली पिढी बघायची हे घरीच ठरवा. १९९० ते १९९७ मॉडेलची एनए, १९९९ ते २००५ ची एनबी, २००६ ते २०१५ ची एनसी आणि २०१६ पासूनची एनडी. पहिल्या दोन पिढ्यांतला पाच गिअरचा बॉक्स दणकट आहे. सुरुवातीचं १.६ लिटरचं इंजिन ११६ हॉर्सपॉवरचं, त्यामुळे बॉक्सवर मुळात फार भार येतच नाही. मागून कोणी टर्बो बसवला असेल, तर मात्र हा भरवसा धरू नका. माझदाने स्वतः २००४ मध्ये टर्बोवाली माझदास्पीड मियाटा काढली, तेव्हा तिला सहा गिअरचाच बॉक्स दिला, यावरून काय ते समजा. इंजिनाला हात न लावलेली गाडी असेल, तर मी पाचवालीच घेईन. तिचा गिअर टाकायला जास्त गोड.

सोबत हातातली बॅटरी (टॉर्च), हातमोजे, टिशूचा रोल आणि जमिनीवर पसरायला जुना पुठ्ठा घ्या. गाडी इतकी बुटकी आहे की पुठ्ठ्याशिवाय खालचं काही दिसत नाही. बूट पातळ तळव्याचे घाला, बर्फातल्या जाड बुटांतून क्लच कुठे पकडतो ते कळत नाही. आणि भारतात मारुतीवर किंवा सँट्रोवर गाडी शिकलेल्यांनी एक लक्षात ठेवायचं: इथे गिअर उजव्या हाताने टाकायचा. हात बसेपर्यंत होणारी खरखर आपलीच असते. आधी एखाद्या मित्राच्या मॅन्युअल गाडीवर सराव करून जा, म्हणजे दोष गाडीचा की हाताचा हा घोळ होणार नाही.

इंजिन सुरू करण्याआधी क्लचचं ऑइल बघा. एनए आणि एनबीमध्ये त्याची छोटी वेगळी टाकी असते. ते काळं पडलेलं किंवा पातळी उतरलेली असेल, तर खाली स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) शोधा. तो बॉक्सच्या बाहेरच बोल्टने लावलेला असतो. त्याचं रबर जरा मागे सारा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. या गाड्यांचा हा नेहमीचा आजार, आणि स्वस्तातला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असतील तर टिशूवर टिपून वास घ्या. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास येतो. इंजिन ऑइल निघालं तर ‘मागचं सील गेलं, बॉक्स उतरवावा लागेल’ असं कोणीही सांगेल. पण एनएमध्ये इंजिनाच्या हेडमागे कॅम अँगल सेन्सर असतो, त्याची ओ-रिंग (गोल रबरी सील) कडक झाली की ऑइल मागून ओघळत नेमकं त्याच जागी येतं. त्यामुळे वरून बॅटरी मारून हेडची मागची बाजू ओली आहे का, ते आधी बघा.

आता गाडी सुरू करा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ऐका, मग दाबून ऐका. सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर संशय बॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून बॉक्सात जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. मग क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खर्र झालं, तर बहुधा क्लच नीट सुटत नाहीये. बॉक्सला दोष देण्याआधी स्लेव्ह सिलिंडर आठवा.

रस्त्यावर पहिल्या मैल-दोन मैलांत दुसरा गिअर अडून बसला, जरा रेटा मागितला, तर घाबरू नका. थंडीत ही सवय बहुतेक मियाटांना असते. गाडी तापल्यावरही दुसऱ्याला करकर आली, तर सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी कडी) झिजलाय. ते तपासायला तिसऱ्यातून दुसऱ्यात, ताशी पंचवीस-तीस मैलांवर, घाई न करता उतरा, आणि नंतर इंजिन चढवून दुसऱ्यातून तिसऱ्यात जरा चपळाईने जा. प्रत्येक गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर देऊन पाय एकदम काढा. दांडा आपोआप न्यूट्रलला उडाला तर ती गाडी सोडून द्या, त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. शेवटी चौथ्यात, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा चढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. त्याचे पैसे किमतीतून कापून मागा, कारण प्लेटपेक्षा बॉक्स उतरवायची मजुरी जास्त लागते.

गिअरचा दांडा जड, खडबडीत लागला आणि त्याच्या बुडातून गरम हवा येत असेल, तर विकणारा अपराध्यासारखा बघायला लागतो. तुम्ही मनातल्या मनात खूश व्हा. एनए-एनबीच्या पाच गिअरवाल्या बॉक्समध्ये दांड्याच्या बुडाला ऑइलची स्वतंत्र वाटी असते, तिथे शंभर मिलीलिटरसुद्धा ऑइल मावत नाही. बॉक्सचं ऑइल बदलणारे मेकॅनिक ही वाटी हमखास विसरतात. दांड्याभोवतीची रबरी आवरणं फाटतात, प्लॅस्टिकचा बुश झिजतो. हे सगळं गाडीच्या आतून, कन्सोल काढून, एका दुपारी बदलता येतं, आणि दांडा ओळखू येणार नाही इतका सुधारतो.

एनडीची गोष्ट वेगळी. वजन वाचवायला माझदाने तिला नवा हलका बॉक्स दिला. सुरुवातीच्या वर्षांत त्यातले काही आतून तुटले, तक्रारी विशेषतः दुसऱ्या गिअरच्या, आणि कंपनीने आतले भाग पुन्हापुन्हा सुधारले. इथली पॉवरट्रेन (इंजिन-गिअरबॉक्सची) वॉरंटी पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांची, म्हणजे २०१६ ते २०१८ च्या गाड्यांची मुदत केव्हाच संपली. बॉक्स बदलल्याचं डीलरचं बिल दाखवलं तर नाक मुरडू नका, मी अशा गाडीला जास्त पैसे देईन. मूळ बॉक्स असेल आणि काचेवर रेस ट्रॅकच्या स्टिकरचा डिंक दिसत असेल, तर २०१९ पासूनची, १८१ हॉर्सपॉवरची गाडी शोधा.

घेतलीच, तर पहिल्या शनिवारी ऑइल बदला. एनए-एनबीच्या पाचवाल्या बॉक्सला ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं, दोन लिटर. जीएल-५ स्वस्त दिसलं तरी भरू नका, त्यातली गंधकाची रसायनं सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत. जुनं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात धरा: राखाडी गाळ चालतो, सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो झिजतायत. आणि खालचा बोल्ट काढण्याआधी ऑइल भरायचा बाजूचा बोल्ट सुटतो की नाही ते बघा. तो गंजून अडकलेला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी अंगणातच अडकून पडते.