पायाचं डॉप्लर करायला निघताय? आधी चिठ्ठी वाचा

व्हेरिकोज व्हेन्ससाठी (पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी) पायाचं डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, सांगितलं असेल तर पहिलं काम, डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्यासमोरच नीट वाचा. तिच्यावर नुसतं 'डॉप्लर, दोन्ही पाय' असं खरडलेलं असेल तर खुर्चीतून उठू नका, विचारा: शिरांचं की धमन्यांचं? आणि शिरांचं असेल तर रिफ्लक्स (रक्ताचं मागे घसरणं) बघायचाय का फक्त रक्ताची गुठळी? मागच्या वेळी आईच्या चिठ्ठीवर नेमकं हेच राहिलं. सेंटरवर तिला झोपवलं, शिरा दाबून बघितल्या, 'डीव्हीटी नाही', म्हणजे आतल्या शिरेत गुठळी नाही, असा रिपोर्ट दिला, आणि सर्जननी तो उलटून पालटून परत दिला कारण त्यांना हवं होतं ते त्यात नव्हतंच. पैसे गेले ते गेलेच, पण दुखऱ्या पायांनी तिला परत जिने चढायला लागले.

एवढा फरक का पडतो ते सांगतो, म्हणजे विचारताना संकोच वाटणार नाही. धमन्या रक्त पायाकडे आणतात, शिरा ते परत हृदयाकडे नेतात, म्हणजे उभ्या माणसात खालून वर. ते मागे घसरू नये म्हणून शिरांच्या आत झडपा असतात. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली उतरून साचतं, शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसतात, संध्याकाळी पाय जड होतात, घोट्यापाशी खाज येते, कातडी काळी पडते आणि दुर्लक्ष केलं तर आतल्या घोट्याच्या वर जखम होते जी भरता भरत नाही. हे मागे घसरणं म्हणजेच रिफ्लक्स, आणि तो नीट बघायचा तर माणूस उभा पाहिजे, कारण आडवं झालं की रक्ताला खाली ओढणारं वजनच राहत नाही आणि बिघडलेली झडपही नजरेतून सुटू शकते.

गुठळीची तपासणी वेगळी. त्यात प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीच्या कातडीवर फिरवायच्या दांड्याने, शीर दाबतात, चांगली शीर चपटी होते, आत गुठळी असेल तर पूर्ण दबत नाही. हे झोपवून होतं. दोन्हीला लोक डॉप्लरच म्हणतात, तिथेच घोळ होतो.

म्हणून अपॉइंटमेंट घेताना फोनवर परत विचारा: उभं करून रिफ्लक्स बघता का? काउंटरवरच्या मुलीला माहीत नसेल तर जे डॉक्टर करणार आहेत त्यांना विचारून सांगायला सांगा, ती कंटाळली तरी चालेल. पेशंट फार वेळ उभा राहू शकत नसेल तर तेही आत्ताच सांगा, टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवून करता येतं पण त्यांना आधी कळलं पाहिजे.

खाणं. पायाच्या डॉप्लरला उपाशी जायची गरज नसते, उलट खाऊन, पाणी पिऊन जा. उभं राहून, पोटरी दाबून घेताना उपाशी माणसाला गरगरतं. उपाशी पोट लागतं ते पोटातल्या महाधमनीच्या नाहीतर किडनीच्या धमन्यांच्या तपासणीला, साधारण 6 ते 8 तास, कारण आतड्यातला गॅस आड येतो. डायबेटिस असेल आणि उपाशी राहायचं असेल तर गोळी-इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने काही करू नका. रक्त पातळ करणारी गोळी सोनोग्राफीसाठी बंद करायची नसते.

कपडे सैल. जांघेपर्यंत बघतात, कारण कातडीजवळची मोठी शीर जांघेतच खोल आतल्या शिरेला मिळते, तेव्हा आईला साडीपेक्षा गाऊन सोयीचा. व्हेरिकोज व्हेन्सचे घट्ट स्टॉकिंग्ज (मोजे) घालत असाल तर ते काढावे लागतात, किती आधी ते फोनवरच विचारा. पायाला तेल, मलम नको. जखम असेल तर ड्रेसिंगचं सामान न्या. आधी शिरेचं ऑपरेशन किंवा लेझर झालं असेल तर ते कागद न्याच, कोणती शीर काढलीये हे माहीत नसेल तर बघणारा उगाच शोधत बसतो.

एक गोष्ट मात्र यादीत बसत नाही. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, आणि नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास झालाय, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका आणि कृपा करून तेल लावून पाय चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ कॅज्युअल्टी.

डायबेटिस, तंबाखू, चाललं की पोटरीत गोळे येऊन थांबलं की बरं वाटणं, यातलं काही असेल तर धमन्यांचंही विचारा. धमनी अरुंद असताना घट्ट स्टॉकिंग्ज घातले तर पायाला आहे तेवढंही रक्त मिळत नाही, म्हणून ते आधी कळलेलं बरं. घोट्याच्या आणि दंडाच्या ब्लडप्रेशरचं गुणोत्तर काढतात, 0.9 किंवा त्याखाली आलं तर धमनीत अडथळा समजतात. डायबेटिसमध्ये धमन्या कडक होऊन आकडा खोटा चांगला येऊ शकतो, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

आत गेल्यावर प्रोब लावायच्या आधी परत एकदा सांगा: रिफ्लक्स बघायचाय, उभं करून. हो, तिसऱ्यांदा. मग स्क्रीनकडे बघा. पोटरी दाबली की एक रंग चमकतो, सोडली की झडप चांगली असेल तर लगेच काळं होतं, बिघडलेली असेल तर उलटा रंग रेंगाळतो. कातडीजवळच्या शिरांमध्ये तो अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त राहिला तर रिफ्लक्स धरतात, मांडीतल्या खोल मोठ्या शिरेला एक सेकंदापेक्षा जास्त. लाल म्हणजे शुद्ध रक्त असं काही नसतं, रंग फक्त रक्त प्रोबकडे येतंय का लांब जातंय ते सांगतो.

बाकी नेहमीचंच. जेल पुसायला नॅपकिन, जुने रिपोर्ट, पैसे.

रिपोर्ट तिथेच उघडा. नाव, डावा-उजवा पाय, जांघेतला जोड, शिरेची रुंदी, रिफ्लक्स किती सेकंद, आतल्या शिरा मोकळ्या आहेत का. रिफ्लक्सची ओळच नसेल तर काउंटर सोडू नका.