बुरशी माझ्याच फुप्फुसात का? डॉक्टरांकडे जाण्याआधी

अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू सगळ्यांच्याच श्वासातून आत जातात, जेमतेम 2-3 मायक्रॉनचे. बिऱ्हाड मात्र माझ्याकडे थाटलं, कारण जुन्या टीबीने तिथे पोकळी ठेवली होती. तेव्हा आधी जुने एक्स-रे शोधा, विटलेले असले तरी. खोकला, घटतं वजन, थुंकीतलं रक्त कधी सुरू झालं ते लिहा. 3 महिने उलटलेत का, हे डॉक्टर विचारतातच. सीटी स्कॅनसोबत अ‍ॅस्परजिलस आयजीजी (रक्तातली या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं) तपासणीबद्दल विचारा. दमा असेल तर आयजीई या अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांबद्दलही. स्टेरॉइड घेत असाल तर लपवू नका.

घरात कुणाला लहानपणापासून वारंवार गळवं, न्यूमोनिया? सांगाच. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी बुरशी गिळतात, पण मारू शकत नाहीत. हा दोष अनेकदा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामांची चौकशी आधी. (मी काकांचीच यादी नेली होती!)